अर्धा आटा

नवतपा लागला तसा
दिवसाला दहा-बारा कूलर उघडतो मी.
इंदोरा, कडबी चौक, पार जरीपटक्यापर्यंत.
पिशवीत पाने, ग्रीसची डबी, दोन जास्तीची बेअरिंगं,
आणि दर दारात तेच वाक्य :
"आवाज लय करून राह्यला न, भाऊ."
आवाज बंद करायचे पैसे घेतो मी.

रविवारी घरचाच कूलर घेतला खोलायला.
करुणा म्हणाली, राहू द्या न, चालून राह्यला तर.
मी म्हटलं, कूलरवाल्याच्याच घरी कूलर खडखडते,
लोकं हासतील.
पात्याचा तोल साधला, जाळीचे चारी स्क्रू कसले,
असा गप केला त्याला
की ताट्यांतून उतरणारं पाणी ऐकू यावं.

त्या रात्री यशू झोपली नाही.

चार महिन्यांची पोट्टी,
माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत मावणारी,
आणि रडणं मात्र तीन मजल्यांचं.
दूध पाजून झालं, ढेकर काढून झाली,
बेंबीभोवती हिंग लावून झाला,
लंगोट कोरडा होता तरी बदलला.
मेश्राम मावशी खालून मीठ-मिरची घेऊन आल्या.
आमच्या घरी असलं काही करत नाहीत.
केलं.
रात्री दोन वाजता कोणी कशाला नाही म्हणत नाही.

दुसऱ्या रात्री तिला गच्चीवर नेलं.
स्लॅब अजून तापलेला, चपलेतून चटका लागे.
पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत,
कठड्यापासून टाकीपर्यंत.
कामठीकडून एक मालगाडी आली
आणि यशू एकाएकी गप्प.
मी डबे मोजत गेलो, श्वास धरून,
बेचाळीस, त्रेचाळीस,
मग गाडी संपली.
तिनं ओठ काढला, आणि पुन्हा सुरू.
माझ्या डोक्यात काही पेटलं नाही तेव्हा.
झोप नसली की माणूस ढोर होतो.

तिसऱ्या रात्री मी तिच्यावर ओरडलो.
"काय पायजे बे तुले?"
चार महिन्यांच्या जिवाला.
करुणानं माझ्या हातातून तिला घेतलं,
एक शब्द न बोलता.
तो न बोललेला शब्द घेऊन
मी स्वयंपाकघरात माठापाशी बसलो.

तिथून ऐकलं :
घरात इतकी शांतता होती
की तिचं रडणं त्यात एकटं पडलं होतं.

मार्चात कूलर लागला, तेव्हापासून
तो तिच्या उशाशी खडखडत होता.
त्याआधी करुणाच्या पोटात असताना
शिलाई मशीन, शाळेचे गणवेश,
कळा सुरू झाल्या त्या दुपारपर्यंत.
माझ्या लेकीनं शांतता
कधी पाहिलीच नव्हती.
आणि मीच ती घरात आणली,
ग्रीस लावून.

उठलो. मोबाइलचा उजेड दातात धरला,
जाळीचा वरचा उजवा स्क्रू शोधला
आणि सोडला.
अर्धा आटा.

खड्.
खड्खड्. खड्.

यशूचं तोंड उघडंच राहिलं, रडणं आतच.
कूलरकडे पाहिलं तिनं,
गावाहून कोणी ओळखीचं आल्यासारखं.
मग डोळे जड, मग मूठ सैल,
मग माझ्या लेकीचा घाम आलेला, निजलेला कपाळ-भाग
करुणाच्या गळ्याशी.

अंधारातून करुणा म्हणाली,
"किती घेतले मेकॅनिकनं?"
तीन दिवसांतलं पहिलं वाक्य.

सकाळी कडबी चौकात एक आजी.
आवाज लय करते, भाऊ.
पाना हातातच धरून विचारलं मी,
घरात लहान पोट्टं आहे का जी?
नाही, म्हणाल्या. पोरगा पुण्याले असते.
मग कसले चारी स्क्रू, घट्ट.
बटन दाबलं. गार वारा आला, बिनआवाजाचा,
आणि पिशवी मांडीवर घेऊन
त्यांच्या फरशीवर, भिंतीला टेकून
मीच झोपलो.
आजींनी उठवलं नाही म्हणे,
दुपारच्या जेवणापर्यंत.